आग्नेय कोपऱ्यातलं शल्य

१६ फेब्रुवारी २०२५
अल्फारेटा

आसावरी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न फोडताच रिसायकलिंगच्या डब्यात टाकशील, म्हणून पत्ता छापून चिकटवला आहे. तेव्हा फोडलंस ते फसवणुकीने, पण आता फोडलंच आहेस तर वाच. फोन तू सात वर्षांपूर्वी ब्लॉक केलास, इमेल बहुधा कचऱ्यात जातात. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

भांडण उकरायला लिहीत नाहीये. काम अगदी छोटं आहे. आमच्या वास्तुशांतीचं व्हिडिओ शूटिंग प्रसन्नने केलं होतं, आठवतं? ते तुमच्याकडेच राहिलं. आई त्या वेळी पुण्याहून आली होती, तिचं तेवढंच चालतंबोलतं चित्र आहे आणि ते माझ्याकडे नाही. प्रसन्नने ते अजून ठेवलंय का, एवढंच कळव. ठेवलं असेल तर दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस, फेसबुकवर वगैरे तर मुळीच नको. मला आधी बघू दे.

इकडे सगळं ठीक आहे. अरुण रिटायर झाले आणि दिवसभर घरात असतात, त्यामुळे ठीक या शब्दाचा अर्थ जरा ताणून घे. घर विकून सांता क्लाराला निधीजवळ जायचा विचार आहे, तिला ऑगस्टमध्ये बाळ होईल. गिऱ्हाईकही मिळालंय.

घरासमोर गेले काही दिवस एक राखाडी गाडी येऊन उभी राहते. सकाळी दहाला येते, अकराला जाते. आत एक म्हातारी बाई असते. उतरत नाही, हॉर्न वाजवत नाही, नुसती आमच्या लॉनकडे बघत बसते. तुला उगाच सांगितलं.

ताई


९ मार्च २०२५

आसावरी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण रोज मेलबॉक्सपर्यंत चालत जाते खरी.

मागच्या पत्रात मी आईचं नाव पुढे केलं. ते खोटं नव्हतं, पण खरं कारणही नव्हतं. तू मला लहानपणापासून ओळखतेस, तुला तेव्हाच कळलं असेल.

त्या बाईचं नाव मिस लोरीन टेट. ब्याऐंशी वर्षांची आहे. इकडे दक्षिणेत वयस्कर बाईला नावाआधी मिस लावतात, आपण मावशी म्हणतो तसं. आमची ही घरांची वसाहत व्हायच्या कितीतरी आधी इथे काळ्या लोकांची वस्ती होती म्हणे, सॅलेम ग्रोव्ह नावाची. तीसेक घरं, एक चर्च, चर्चमागे स्मशान. १९५१ च्या ऑक्टोबरात गोऱ्यांचा जमाव आला आणि एका दिवसात सगळं पेटवून दिलं. माणसं नेसत्या वस्त्रानिशी पळाली. जमिनी मागाहून कोणाच्या नावावर कशा चढल्या ते विचारू नकोस. मिस लोरीन तेव्हा आठ वर्षांची होती.

आता राज्याने कायदा केलाय. त्या जाळपोळीतून वाचलेले जे अजून जिवंत आहेत त्यांना सरकार भरपाई देणार. पण तुमचं कुटुंब तिथे राहत होतं याचा पुरावा आणा म्हणतात. चर्चचं रजिस्टर चर्चबरोबर जळलं, काउंटीच्या दप्तरात वस्तीचं नावसुद्धा नाही. बाईकडे स्वतःच्या आठवणीखेरीज काही नाही. तिचं म्हणणं, तिच्या धाकट्या भावाला चर्चमागे पुरलं होतं आणि वर बापाने हाताने कोरलेला दगड होता. तो दगड सापडला की झालं.

आता कळलं मी व्हिडिओ का मागते ते?

आमच्या असोसिएशनचा अध्यक्ष ग्रेग व्हिटलो म्हणून आहे. गोड बोलणारा माणूस. आमची कचऱ्याची पेटी वाऱ्याने पडली तर स्वतः उचलून ठेवतो. तो गेल्या महिन्यात घरोघरी कागद घेऊन फिरला: 'आम्ही इथे राहायला आल्यापासून आमच्या जागेत कोणतीही जुनी वस्तू, दगड वा अवशेष सापडलेला नाही.' इथे स्मशान निघालं तर एकही घर विकलं जाणार नाही, असं त्याने समजावलं. क्लबहाउसमध्ये नोटरी बसवला होता, शेजारी डोनट आणि कॉफी. एक्केचाळीस घरांनी सह्या केल्या. अरुणनी केली. मी केली. शपथेवर. ग्रेगने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "वी टेक केअर ऑफ अवर ओन, शूबा." शुभा त्याला म्हणता येत नाही. मला इतकं बरं वाटलं त्याने आपल्यात धरलं म्हणून, की मी दुसरा डोनट घेतला.

तेव्हा शूटिंग असेल तर पुसून टाक. नुसती जागा अडते. आणि मला नावं ठेवायच्या आधी आठव, काउंटीला फोन करा म्हणून तू तेव्हा आरडाओरडा केलास, पण घरी जाऊन फोन तूही केला नाहीस.

ताई


३० मार्च २०२५, पाडवा

आसू,

गुढी डेकवर उभारली, रस्त्यावरून दिसणार नाही अशी. ग्रेगने विचारलं नसतं, पण हल्ली कोणी काही विचारू नये असंच वाटतं.

आज मी त्या गाडीपाशी गेले. दहाच्या सुमाराला ऊन चढलं होतं आणि बाई काच खाली करून बसली होती. पाण्याची बाटली घेऊन गेले. अरुण खिडकीतून बघत होते, त्यांना सांगितलं की तिला इथून जायला सांगते. तिने दार उघडून मला शेजारी बसवलं. गाडीत पेपरमिंटचा वास होता.

मी विचारलं, सगळं बदललंय, तुम्हाला जागा कशी ओळखू येते? आपण बाळा म्हणतो तसं ती म्हणाली, "शुगर, उतार तोच आहे. उतार काही त्यांना जाळता आला नाही." आमच्या ड्राइव्हवेवर हिवाळ्यात माझी गाडी घसरते ना, त्याच उतारावरून ती बादली घेऊन झऱ्यावर जायची.

मग भावाचं सांगितलं. नेथन. पाच महिन्यांचा होऊन गेला, १९४९ च्या थंडीत. बाप लाकूड कापायच्या कामाला होता, लिहायला स्वतःच शिकलेला. खिळा आणि हातोडी घेऊन तो चार रविवार दगड कोरत बसला. आणि त्याला इंग्रजी एन कधी नीट आला नाही, तो नेहमी उलटा काढायचा. नेथनमध्ये दोन एन. "आई म्हणाली पुन्हा कर," मिस लोरीन हसत सांगत होती, "आणि पपा म्हणाला, देवाला वाचता येईल."

आसू, माझ्या हातातली बाटली पडली.

तुला आठवतं मी त्या दगडाला काय म्हटलं होतं? करणी. वास्तुपुरुष पुरायला आग्नेय कोपऱ्यात खड्डा घेतला, तर हातभर खाली दगड निघाला, त्यावर खिळ्याने खरडलेली अक्षरं आणि त्यातली दोन उलटी. उलटी अक्षरं म्हणजे कोणीतरी करणी करून पुरलंय, मुद्दाम आपल्या घराखाली. एमएस्सी झालेली बाई मी. तू खाली बसून हाताने माती झाडलीस आणि मोठ्याने वाचलंस, "ताई, हे नाव आहे, नेथन टेट, हा बाळाचा दगड आहे." मी काय उत्तर दिलं ते तुला पाठ असेल. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी मला घराबद्दल शिकवू नये, म्हणाले. आईसमोर आणि गुरुजींसमोर. तू तडक गाडीत जाऊन बसलीस, प्रसन्न कॅमेरा घेऊन तुझ्या मागे धावला. पुरणपोळ्यांना हातही लावला नाहीत.

मिस लोरीनला मी काही बोलले नाही. गाडीतून उतरताना आपल्या सवयीने म्हणाले, "आय विल कम." येते, एवढंच म्हणायचं होतं गं मला. 'जाते' म्हणायचं नसतं म्हणून तोंडातून आपलं 'येते' निघालं. पण तिला वाटलं मी तिच्या भरपाईच्या दाव्याच्या सुनावणीला येणार आहे. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, या वस्तीतून येते म्हणणारी तू पहिली.

शूटिंग पुसलंस का? नसशील तर थांब जरा.

ताई


२७ एप्रिल २०२५

आसू,

गुरुवारी सुनावणी झाली. मी गेले होते.

त्याआधी काय झालं ते सांगते. रविवारी मिस लोरीन चर्चमध्ये असताना तिच्या गाडीची चारही चाकं कोणीतरी फाडली. बुधवारी तिच्या नातीच्या मेलबॉक्समध्ये एक काडेपेटी मिळाली. चिठ्ठी नाही, काही नाही. नवीकोरी काडेपेटी आणि तिच्यात एकच जळकी काडी. हे मला ग्रेगच्या बायकोने सांगितलं, मेलबॉक्सपाशीच. "किड्स," म्हणाली आणि पत्रं चाळत निघून गेली. काडी जळकी होती हे तिला कसं माहीत, हे मला घरी येऊन भाजी फोडणीला टाकताना सुचलं. गॅस बंद केला आणि खाली बसले.

अरुणना सांगितलं तर म्हणाले, "शुभा, प्लीज, आपण यात पडायचं नाही. आपण बाहेरचे आहोत." सह्या करताना आपण आतले होतो, अडचण आली की बाहेरचे. मी बोलून दाखवलं, तर टीव्हीचा आवाज वाढवला.

सुनावणीत आयोगाचे तीन सदस्य होते, सभ्य माणसं. मिस लोरीन निळा ड्रेस आणि टोपी घालून आली होती. तिने सगळं सांगितलं, उतार, झरा, बादली, उलटे एन. त्यांनी लिहून घेतलं. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, मॅम, दाखवण्यासारखं काही आहे का? ती म्हणाली, नाही. मग त्यांनी हॉलकडे बघून विचारलं, रहिवाशांपैकी कोणाला काही सांगायचंय का?

ती मागे वळली. तिने मला शोधून काढलं आणि मान हलवली, म्हणजे ये, बोल. ग्रेग माझ्या शेजारी बसला होता. त्याने काही केलं नाही, फक्त खिशातून पेपरमिंटची गोळी काढून माझ्यापुढे धरली. मी ती घेतली. तोंडात गोळी असताना बोलता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

दावा पुराव्याअभावी फेटाळला. फेरविचारासाठी तीस दिवस.

आता खरं लिहिते, कारण ते तुला अर्धंच माहीत आहे. गुरुजींनी दगड नदीत सोडायला सांगितलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. तू गाडीत होतीस, तुला काय कळणार. गुरुजी म्हणाले होते, "हे शल्य आहे. घराच्या जमिनीत हाडं, कोळसा, परका दगड निघाला की त्याला शल्य म्हणतात, ते काढल्याशिवाय वास्तू शांत होत नाही. पण वहिनी, नाव आहे त्याच्यावर. ज्याचं आहे त्याला पोचवा." एवढं सांगून ते होमाची तयारी करायला आत गेले. नदीत सोडायचं मी ठरवलं. मी एकटीने. त्याच दुपारी चॅटाहुची नदीच्या पुलावर गाडी थांबवून अरुणनी तो ढकलला. मी वर हळदकुंकू टाकलं.

तेव्हा दगड आता नाही. आहे ते फक्त प्रसन्नच्या कॅमेऱ्यात. पाठव. माझ्यासाठी नको, माझ्यावरचा राग तसाच ठेव. पण पाठव. चोवीस मे शेवटचा दिवस आहे.

ताई


१८ मे २०२५

आसू,

सहा तारखेला तुझं पाकीट आलं. आत पेनड्राइव्ह, चिठ्ठीचा चिटोराही नाही. दारातच रडू कोसळलं. अरुणना वाटलं कोणीतरी गेलं.

मी एकटीने बघितलं. आई सोवळं सांभाळत इकडून तिकडे जाते, गुरुजी अंगठ्याने घड्याळ पुसतात, तू मोरपिशी साडीत गुडघ्यावर बसून माती झाडतेस आणि नाव वाचतेस. प्रसन्नने अक्षरं जवळून घेतलीत. दोन्ही एन उलटे, स्पष्ट. मग माझा आवाज येतो. मला वाटलं नव्हतं मी इतकी कर्कश बोलते. मग कॅमेरा हलतो, तुझी पाठ दिसते आणि संपतं.

आठ तारखेला लॅपटॉप घेऊन मी मिस लोरीनकडे गेले. अरुण आदल्या दिवशी म्हणाले, "तू जाणार असशील तर मी तिथे नव्हतो असं सांगीन." सदतीस वर्षांचा संसार आहे आमचा.

तिने ते नाव पाहिलं आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर गिरवलं. मी हात जोडून सगळं सांगितलं, करणी, नदी, शपथेवरची सही. तिची नात उठून बाहेर गेली, दार आपटून. मिस लोरीनने ते पुन्हा लावायला सांगितलं आणि तू माती झाडतेस तिथे थांबवलं. तुझ्या मागे खड्डा दिसतो, त्याच्या कडेला पहार आणि फावडं. तिने विचारलं, "हाऊ डीप डिड यॉल गो?"

किती खोल गेलात.

मी म्हणाले, "जस्ट द स्टोन, मिस लोरीन. नथिंग एल्स."

शुक्रवारी आयोगाने फेरविचार मंजूर केला. दावा मान्य झाला, तिच्या कुटुंबाचं नाव सरकारी कागदावर आलं. सॅलेम ग्रोव्हचंही. त्याच दुपारी घराचं गिऱ्हाईक पळालं. ग्रेग आता हात करत नाही. काल आमच्या मेलबॉक्समध्येही काडेपेटी आली. अरुणनी ती देवापुढच्या काड्यांबरोबर खणात ठेवून दिली, जणू किराण्यातून आली होती.

पण लिहायचं ते हे नाही. परवा, मंगळवारी, विद्यापीठाचे लोक आमच्या आग्नेय कोपऱ्यात खणायला येणार आहेत. हुकूम निघालाय. मिस लोरीनला भाऊ हवाय. तिच्या आईची कबर इथून चाळीस मैलांवर आहे, तिच्या शेजारी जागा राखलीय. सुताराकडून पेटी करून घेतलीय, दीड हात लांब. मला फोटो दाखवला. खणताना तू माझ्याजवळ उभी राहा म्हणाली. मलाच सांगते, बघ.

तू गाडीत जाऊन बसलीस त्यानंतर अरुणनी आणखी हातभर खणलं होतं. आई स्वयंपाकघरात होती, गुरुजी होमापाशी. खाली कुजलेली फळी निघाली आणि तिच्याखाली बारीक हाडं. अरुण म्हणाले, कोंबडीची आहेत, घर बांधणाऱ्या मजुरांचं जेवण असेल. मी हो म्हणाले. पण मातीत चार पांढरी बटणं होती, एका ओळीत, एवढीएवढीशी, निधीच्या झबल्याला असायची तशी. कोंबडीला बटणं नसतात एवढं मलाही कळतं. मी दोन मुलं वाढवलीत. मी ती बटणं बघितली, हाडं बघितली आणि सगळं निर्माल्याच्या पिशवीत भरलं. झेंडूची फुलं वर घातली, म्हणजे आईने विचारलं तर दिसू नये. दगडाच्या आधी पुलावरून ती पिशवी गेली. माझ्या हातून गेली.

हे अरुणना आणि मलाच माहीत होतं. आता तुला.

अरुणनी वाचून ठेवलंय की इथली लाल माती आम्लधर्मी असते, तान्ह्या बाळाची हाडं पाऊणशे वर्षांत विरून जातात. तज्ज्ञही तेच म्हणतील. कोणी काही विचारणार नाही. आपण नुसतं उभं राहायचं आणि वाईट वाटल्यासारखं करायचं, म्हणाले. ते बरोबर आहे, आसू. म्हणूनच मला इतकी भीती वाटते. खोटं पचणार आहे. ती त्या खड्ड्यातली मूठभर माती पेटीत भरून आईशेजारी ठेवेल आणि आयुष्यभर मला दुवा देईल.

उद्या सकाळी दहाला मी तिच्याकडे जाणार आहे. अरुणना सांगितलेलं नाही. तिची नात वकील आहे, ती काय करेल ते करो. कबर उकरणं इथे गुन्हा आहे, खोटी शपथ हा दुसरा. तुरुंगाची भीती आहेच, ऑगस्टमधलं बाळ बघायला मिळेल की नाही याचीही आहे. पण त्याहून जास्त भीती तिने पुन्हा शुगर म्हणून हाक मारण्याची आहे.

हे पत्र तुला मंगळवारनंतरच मिळेल, हिशेब करूनच टाकते आहे. तुला आधी कळलं असतं तर तू फोन केला असतास, इतकी काही तू दगड नाहीस. मी तुझ्याजवळ रडले असते, तू ताई म्हणाली असतीस, माझं मन हलकं झालं असतं आणि मग मी तिच्याकडे गेलेच नसते.

ताई